जैसलमेरजवळच्या गावात राहायचे असेल, तर आधी पाण्याची चौकशी करा

तुमचा प्रश्न असा आहे: बोरिवलीहून सहा जणांचे कुटुंब जैसलमेरजवळच्या एखाद्या जुन्या वाळवंटी गावात चार दिवस राहणार आहे, गावाच्या वारशाला धक्का लागू नये आणि पैसे गावातच राहावेत, यासाठी मुक्कामाची जागा कशी निवडावी? मी गिरगावात राहतो आणि त्या भागात दोन हिवाळ्यांत राहून आलो आहे. माझ्या मते विचारण्याजोगा पहिला प्रश्न एकच आहे: जिथे उतरणार, तिथे पाणी येते कुठून आणि वापरल्यावर जाते कुठे?

हा प्रश्न मला जैसलमेरच्या किल्ल्यामुळे सुचला. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही हजारो माणसे राहतात. पूर्वी पाणी गडीसर तलावातून डोक्यावरून आणावे लागे, त्यामुळे ते जपून वापरले जाई. पुढे नळ आले, जुन्या घरांची हॉटेले झाली, खोलीखोलीला न्हाणीघर आले, आणि इतके सांडपाणी वाहून नेणे तिथल्या गटारांना झेपेना. ते टेकडीच्या मातकट थरांत मुरत गेले, पाया भुसभुशीत झाला आणि काही बुरूज ढासळले. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत हा आहे. पण दर्जा मिळाल्याने पाणी झिरपायचे थांबत नाही. म्हणून किल्ला दिवसभर सावकाश पाहा, राहायला मात्र खाली उतरा.

गावांकडे वळलात की पाण्याची वेगळीच विद्या दिसते. तिथले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात: थेट पावसाचे ते पालर, जमिनीखालच्या खडियाच्या (पाणी खाली न जाऊ देणाऱ्या खडूसारख्या मातीच्या) थरावर अडलेल्या ओलीतून कुंईत, म्हणजे अरुंद विहिरीत, झिरपणारे ते रेजाणी, आणि खोल विहिरीचे ते पाताल. वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलुखात गहू-हरभरा पिकतो तो खडीनमुळे. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी खालच्या बाजूला मातीचा लांब बांध घालून अडवतात, ते जमिनीत मुरते आणि त्या ओलीवर रब्बीचे पीक निघते. ही पद्धत पालीवाल ब्राह्मणांनी नावारूपाला आणली. त्यांचे कुलधरा हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस ओसाड पडले. दिवाण सालमसिंहाच्या जाचाला कंटाळून ८४ गावे एका रात्रीत उठून गेली, ही कथा वाटाड्या रंगवून सांगेलच, कारण तिला गिऱ्हाईक आहे. अभ्यासकांनी पाणी आटणे, करांचा बोजा, भूकंप अशी कारणेही मांडली आहेत. गाव ओसाड म्हणून भुतांच्या गोष्टीही सांगतात; तुम्ही त्यांऐवजी खडीनबद्दल विचारा. गावातले म्हातारे त्यावर तासभर बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे मुंबईत धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही तलावांची नावे तेवढी उरली. आपल्याला तानसा-वैतरणेचे पाणी मिळाले, म्हणून तलाव बुजवणे परवडले. जैसलमेरकडेही आता इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचले आहे, आणि तिथल्या कुंया-तलावांचे तेच होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या खेपेला आम्ही सम गावाच्या वाळूच्या टेकाडांजवळ एका तंबूंच्या मुक्कामात उतरलो. तिथे पोहण्याचा तलाव होता, रात्री कर्णकर्कश फिल्मी गाणी होती, आणि टाकीचे टँकर कुठून येतात हे विचारल्यावर व्यवस्थापक नुसता हसला. दुसऱ्या खेपेला खुडी गावाच्या बाजूला शेण-मातीने सारवलेल्या घरात राहिलो. आंघोळीला माणशी एक बादली मिळे आणि ते पाणी पुढे झाडांना जाई. माझ्या आईने तक्रार केली ती बादलीची नव्हे, गार वाऱ्याची. असे घर शोधताना मालक स्वतः तिथे राहतो का, स्वयंपाक कोण करते, सांडपाण्याला शोषखड्डा आहे का, एवढे फोनवर विचारावे. उत्तरे टाळली गेली, तर दुसरे घर पाहावे.

पैशांबाबत थोडेच सांगतो. जीप टेकाडांवर उडवण्यापेक्षा उंटवाल्याला पैसे द्या. देशातली उंटांची संख्या २०१२ मध्ये चार लाख होती, ती २०१९ च्या पशुगणनेत अडीच लाखांवर आली. मांगणियार गायक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यजमान घराण्यांसाठी गात आले आहेत. त्यांना घरी बोलवा, कमायचा हे त्यांचे तंतुवाद्य वाजवायला सांगा, फर्माइशी करू नका, आणि बिदागी मध्यस्थाकडे न देता त्यांच्याच हातात द्या.

वाटेत ओरण लागेल. ओरण म्हणजे आपली देवराईच. तिथले लाकूड तोडत नाहीत, गुरे मात्र चरतात. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक पाहायला जाऊन हात हलवत परतला असाल, तर इथे नशीब आजमावता येईल, पण गाडी रस्त्याखाली उतरवू नका. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर खडीनमध्ये पीक उभे असेल; बांधावरून चालायला यजमानाची परवानगी घ्या, ती सहसा मिळते.