वाचकांचे प्रश्न : टेरिटरीचे राज्य कसे होत असे?

प्रश्न : अमेरिकेच्या पश्चिमेकडील मुलूख आधी 'टेरिटरी' असत आणि लोकसंख्या साठ हजारांवर गेली की त्यांचे आपोआप राज्य होई, असे मी शाळेपासून ऐकत आलो आहे. हे खरे आहे का? — एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : टेरिटरी म्हणजे कोणत्याही राज्याचा भाग नसलेला, थेट केंद्राच्या ताब्यातला मुलूख. साठ हजारांचा आकडा खरा आहे, मात्र आपोआप काहीच होत नसे. हा आकडा १३ जुलै १७८७ रोजी मंजूर झालेल्या वायव्य अध्यादेशातला आहे. सध्याची राज्यघटना लागू होण्यापूर्वीच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील मध्यवर्ती प्रतिनिधिसभेने, ओहायो नदीच्या वायव्येकडील मुलखासाठी तो केला होता. सुरुवातीला वरून नेमलेला गव्हर्नर, एक सचिव आणि तीन न्यायाधीश एवढ्यांनीच कारभार पाहायचा, अशी त्यात व्यवस्था होती. पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुषांची वस्ती झाली की निवडून आलेली विधानसभा मिळे आणि काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी पाठवता येई. या प्रतिनिधीला बोलण्याचा अधिकार होता, मत देण्याचा नव्हता. साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की त्या भागाने आपली राज्यघटना तयार करून जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघात यायचे. या मुलखात गुलामगिरीला बंदी होती आणि त्यातून किमान तीन, कमाल पाच राज्ये करायची होती. १८०३ मध्ये ओहायोपासून सुरुवात होऊन १८४८ मध्ये विस्कॉन्सिनपर्यंत ती पाचही झाली.

जिंकलेला वा मिळवलेला मुलूख कायम अंकित ठेवायचा नाही, तर त्याला एक दिवस बरोबरीचे स्थान द्यायचे, हे सत्ताधाऱ्यांनी स्वतःच आधी लिहून ठेवणे ही त्या काळात असाधारण गोष्ट होती, असे माझे मत आहे. मात्र ही मोजणी वसाहत करायला आलेल्यांची होती. ज्यांची ती भूमी होती त्या मूळनिवासी राष्ट्रांशी सद्भावनेने वागण्याचे वचन याच अध्यादेशात होते, आणि तरीही १७९४ मधील फॉलन टिंबर्सच्या लढाईत त्यांचा पराभव झाल्यावर पुढच्याच वर्षी ग्रीनविलच्या तहाने आजच्या ओहायोचा मोठा भाग त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. ओहायोची लोकसंख्या भराभर वाढली ती त्यानंतर.

१७८७ च्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात लिहिल्या गेलेल्या राज्यघटनेत तर साठ हजारांचा उल्लेखही नाही. काँग्रेस नवी राज्ये संघात सामील करून घेऊ शकेल, एवढेच तिच्या चौथ्या अनुच्छेदात म्हटले आहे. करून घेतलेच पाहिजे, असे कोठेही म्हटलेले नाही. पुढे एक रीत पडली. काँग्रेसने आधी घटना तयार करण्याची परवानगी देणारा कायदा करावा, टेरिटरीतील लोकांनी प्रतिनिधी निवडून घटना लिहावी, ती मतदारांकडून मंजूर करून घ्यावी आणि मग काँग्रेस व राष्ट्राध्यक्ष यांनी मान्यता द्यावी. तथापि ही रीतही सर्वांना बांधून नव्हती. कॅलिफोर्निया १८५० मध्ये टेरिटरीची पायरी न चढताच राज्य झाला.

काँग्रेसची इच्छा कशी चाले, हे पाहायचे असेल तर नेवाडा आणि युटा हे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. नेवाडा हा मुळात युटा टेरिटरीचाच पश्चिम भाग होता. १८५९ मध्ये तेथे कॉमस्टॉक नावाने ओळखला जाणारा चांदीचा साठा सापडला, खाणकामगारांची रीघ लागली आणि १८६१ मध्ये तो भाग वेगळा करण्यात आला. १८६० च्या जनगणनेत तेथे सात हजारही माणसे नव्हती आणि १८७० मध्येसुद्धा ती बेचाळीस हजारांच्या थोडीच पुढे गेली होती. तरीही ३१ ऑक्टोबर १८६४ रोजी नेवाडा राज्य झाला. यादवी युद्ध चालू होते, लिंकन यांची दुसरी निवडणूक आठवड्यावर आली होती आणि गुलामगिरी नष्ट करणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी रिपब्लिकन पक्षाला हक्काची मते हवी होती. टपालाने वेळेत पोहोचणार नाही म्हणून नेवाडाची संपूर्ण राज्यघटना तारेने वॉशिंग्टनला धाडण्यात आली आणि त्या तारेचे बिल चार हजार तीनशे डॉलरांहून अधिक झाले.

युटाची गोष्ट नेमकी उलट आहे. ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली मॉर्मन पंथाचे लोक १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले, तेव्हा तो मुलूख मेक्सिकोचा होता. पुढच्या वर्षीच्या तहाने तो अमेरिकेकडे आला. १८४९ मध्ये त्यांनी 'डेझरेट' नावाच्या विस्तीर्ण राज्याची मागणी केली. काँग्रेसने १८५० मध्ये त्याऐवजी युटा टेरिटरी निर्माण केली आणि राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी यंग यांनाच तिचे पहिले गव्हर्नर नेमले. परंतु १८५२ मध्ये पंथाने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला आणि तेथून चार दशकांचा झगडा सुरू झाला. १८५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नवा गव्हर्नर सोबत देऊन फौज पाठवली. १८६२ मध्ये बहुपत्नीत्वाविरुद्ध कायदा झाला, १८७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, १८८२ आणि १८८७ च्या कायद्यांनी तो आणखी कडक झाला. १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद केली. शिवाय युटातील स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकारही काढून घेतला, ज्याचे समर्थन करणे मला तरी अवघड वाटते. १८९० मध्ये पंथाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी असे विवाह थांबवण्याची घोषणा केली. त्या वर्षी युटाची लोकसंख्या दोन लाखांवर होती, म्हणजे साठ हजारांच्या तिपटीहून जास्त. घटना लिहिण्याची परवानगी १८९४ मध्ये मिळाली, तीही बहुपत्नीत्वाला कायमची बंदी घालण्याच्या अटीवर. स्त्रियांचा मताधिकार परत देणाऱ्या घटनेसह ४ जानेवारी १८९६ रोजी युटा पंचेचाळिसावे राज्य झाला. नेवाडाला तीन वर्षे लागली, युटाला पंचेचाळीस.

प्रश्न : राज्याचा दर्जा देताना काँग्रेसने घातलेल्या अटी त्या राज्याला नंतर मोडता येत होत्या का? — एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : पुष्कळदा येत होत्या, आणि ॲरिझोनाने तर ते जवळजवळ जाहीरपणे केले. ॲरिझोनाच्या घटनेत न्यायाधीशांनाही मतदारांनी मुदतीपूर्वी परत बोलावण्याची सोय होती. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना ती न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यावर घाला वाटली आणि १९११ मध्ये त्यांनी नकाराधिकार वापरला. ॲरिझोनाने ते कलम वगळले, १४ फेब्रुवारी १९१२ रोजी राज्याचा दर्जा मिळवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी ते कलम परत घातले.

ओक्लाहोमाचे प्रकरण न्यायालयात गेले. तेथील इंडियन टेरिटरीतील पाच मूळनिवासी राष्ट्रांनी १९०५ मध्ये 'सिक्वोया' नावाच्या वेगळ्या राज्याची घटना लिहून मतदारांकडून मंजूरही करून घेतली होती; काँग्रेसने तिची दखल घेतली नाही आणि १९०७ मध्ये ओक्लाहोमा टेरिटरी आणि इंडियन टेरिटरी या दोन्हींचे मिळून एकच राज्य केले. राजधानी १९१३ पर्यंत गथ्रीलाच राहील, अशीही अट होती. १९१० मध्ये मतदारांनी ओक्लाहोमा सिटीच्या बाजूने कौल दिला आणि राजधानी लगेच हलवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये निर्णय दिला की, आपली राजधानी ठरवण्याचा अधिकार जुन्या राज्यांना आहे, तसाच तो नव्या राज्यालाही आहे आणि प्रवेशाच्या वेळची अट तो हिरावून घेऊ शकत नाही. १९५६ मध्ये एका राज्याची राजधानी असल्याचा मान गमावलेल्या आपल्या नागपूर शहरातील वाचकांना या निकालात विशेष रस वाटेल, अशी माझी कल्पना आहे.

प्रश्न : आपल्याकडे अशी पद्धत असती तर विदर्भ राज्य केव्हाच झाले नसते का? — एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मला तसे वाटत नाही. टेरिटरी ही कोणत्याही राज्याचा भाग नसे, ती थेट केंद्राच्या ताब्यात असे. विदर्भ तर एका राज्याचा भाग आहे. तेव्हा विदर्भाची तुलना करायचीच तर ती मॅसॅच्युसेट्समधून १८२० मध्ये वेगळ्या झालेल्या मेनशी करावी लागेल. अशा वेळी अमेरिकेची राज्यघटना काँग्रेसच्या संमतीबरोबर मूळ राज्याच्या विधिमंडळाचीही संमती मागते आणि मॅसॅच्युसेट्सने ती दिली होती. १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया वेगळा करताना ही अडचण मोठ्या युक्तीने सोडवली गेली: व्हर्जिनिया संघातून फुटला होता, म्हणून संघाशी निष्ठावंत राहिलेल्यांनी व्हीलिंग येथे स्थापन केलेल्या सरकारलाच खरे व्हर्जिनिया मानून त्याची संमती घेण्यात आली.

आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार नवे राज्य संसद साध्या कायद्याने करू शकते. राष्ट्रपतींनी विधेयक संबंधित विधानसभेकडे मतासाठी पाठवायचे असते, परंतु ते मत संसदेला बंधनकारक नसते. आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक फेटाळल्यानंतरही २०१४ मध्ये तेलंगणा झाले, ते याच तरतुदीमुळे. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती आणि ती अमलात आणण्यास संसदेला कायद्याची अडचण नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकी नियम येथे लागू असता, तर संसदेच्या होकाराखेरीज महाराष्ट्र विधिमंडळाचा होकारही मिळवावा लागला असता.