ओ-रिंग घेण्याआधी

ओ-रिंग म्हणजे सांध्यातली गळती थांबवायला खाचेत बसवतात ती रबराची कडी. ती घ्यायला दुकानात जाऊन नुसतं ‘काळं रबर द्या’ म्हणू नकोस रे, काळं सगळंच दिसतं. आधी बघ, रिंगेचा संबंध कशाशी येणार: डिझेल, वाफ की खारं पाणी? रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरच्या डिझेल लाइनवर मी ईपीडीएम नावाच्या रबराची रिंग बसवली होती. काढली तेव्हा फुगून खाचेबाहेर आलेली, नखाने दाबली तर लिबलिबीत. तिथे नायट्राइल रबरच हवं, साधारण १०० अंशांपर्यंत चालतं. पण तेच उघड्यावर उन्हात राहिलं की हवेतल्या ओझोनने चिरा पडतात, तिथे डिझेल-तेल लागणार नसेल तर ईपीडीएम. बर्फाच्या कारखान्यात थंड करायला अमोनिया असतो. महाग म्हणजे चांगलं समजून व्हायटॉन रबर घालू नकोस, अमोनियात ते टिकत नाही. निओप्रीन रबर घे. आणि काम लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यातलं असेल, तर तिथल्या सॉल्व्हंटचं (विरघळवणाऱ्या द्रवाचं) नाव कळल्याशिवाय ऑर्डर देऊच नकोस.