वाचक विचारतात : ऑफसाइडचा न्याय

प्रश्न : एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेत २१ एप्रिल २०२४ला कॉव्हेंट्रीचा गोल बोटभर ऑफसाइडवरून (पास निघताना आक्रमक बचावफळीच्या पुढे असणे) रद्द झाला. ७ फेब्रुवारी २०२५ला लेस्टरविरुद्ध युनायटेडचा मॅग्वायर उघड ऑफसाइड असूनही गोल दिला. दोन्हीकडे फायदा मँचेस्टर युनायटेडचाच. चाहत्यांनी संशय का घेऊ नये?

उत्तर : राग रास्त आहे, पण पक्षपाताचा निष्कर्ष निघत नाही. लेस्टरचा सामना चौथ्या फेरीचा होता आणि त्या मोसमात व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारे पंच) पाचव्या फेरीपासून होते. त्यामुळे सगळी भिस्त लाइनवरच्या सहायक पंचावर. मॅग्वायरच्या गोलाआधीच्या फ्री किकच्या क्षणी चेंडू आणि गर्दीतली रेषा एकाच वेळी पाहायची; तिथेच चूक झाली.

कॉव्हेंट्रीचा सामना वेम्बलीवरची उपांत्य फेरी. तिथे व्हीएआर होते. कॉव्हेंट्री ०-३ वरून ३-३ आणि जादा वेळेच्या अखेरीस त्यांच्या टॉर्पचा गोल! चालीदरम्यान त्याचा सहकारी राइट किंचित पुढे होता, म्हणून गोल रद्द झाला; पेनल्टीवर युनायटेड जिंकले.

आमचा खरा आक्षेप तेव्हाच्या मोजमापावर आहे. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागला ती फ्रेम तेव्हा हाताने निवडत, मग बचावपटू आणि आक्रमक यांच्या गोल करता येईल अशा सर्वांत पुढच्या भागावरून रेषा ओढत. हात धरत नाहीत, काखेपर्यंतचा खांदा धरतात. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेत असेल, तर सेकंदाला ८ मीटर धावणारा खेळाडू एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत १६ सेंटिमीटर सरकतो. बोटभराचा निवाडा त्याच फटीत बसतो.