आधी मीठ काढ, मग परिणाम बघ

समुद्री जीवांच्या अर्कांत पेशींवर काम करणारं औषध शोधायला निघाली आहेस, पण पुण्यात समुद्र नाही, त्यामुळे तुझे नमुने रत्नागिरीहून बर्फात येणार. पोचले की लगेच उणे २० अंशांत ठेव. समुद्रकाकडी मात्र परवानगीशिवाय गोळा करू नकोस, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नमुन्याचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला की त्यात समुद्राचं मीठही उतरतं, आणि चाचणीत तेच पेशी मारतं. स्पंजच्या अर्काने पेशी मेल्या म्हणून मी एकदा आठवडाभर हवेत होतो. ब्युटेनॉल आणि पाणी अशा दोन वेगळ्या थरांत तो अर्क विभागल्यावर सगळी ‘सक्रियता’ पाण्याच्या थरात, मिठासोबत निघाली. फार वाईट वाटलं होतं. म्हणून चाचणीआधी मीठ काढच.

अर्क ज्यात विरघळवतेस तो डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल प्रत्येक प्लेटवर ठेव. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळा रंग जांभळा करतात, त्यावरून त्या मोजतात; ती करताना प्लेटच्या पेशी नसलेल्या खाचांतही अर्क घाल. काही अर्क स्वतःच तो रंग जांभळा करतात, मग मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. पेशी घ्यायच्या तर गणेशखिंडीतल्या एनसीसीएसमधूनच (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) घे, कुणाच्या फ्रीजरमधल्या उसन्या नकोत.

धीर सोडू नकोस गं. शंकूच्या आकाराच्या समुद्री गोगलगायीच्या (कोन स्नेल) विषावरून बनलेलं झिकोनोटाइड २००४ मध्ये वेदनाशामक म्हणून मंजूर झालं, त्याची सुरुवातही अशाच कच्च्या अर्कापासून झाली.