कॅमेरा स्वस्तातला घ्या, पैसे रिळांसाठी ठेवा

मुलुंडच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: चार महिन्यांनी घरात बाळ येणार आहे. बारसं, उष्टावण, पहिला वाढदिवस हे सगळं खऱ्या फिल्मवर टिपायची त्यांची फार इच्छा आहे. मोबाइलमध्ये हजारो व्हिडिओ पडून राहतात आणि कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुपर-८ प्रकारचे, म्हणजे ८ मिलिमीटर रुंद फिल्मवर चालणारे, दोन जुने कॅमेरे हेरून ठेवलेत. एक ३२,००० रुपयांचा कॅनन ८१४, दुसरा १२,००० रुपयांचा कॅनन ३१०एक्सएल. पहिला क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत घ्यावा, असं त्यांच्या मनात आहे. नवरोबा म्हणतात, हे पैसे पाण्यात. दोघांचे मिळून हातात १,१०,००० येतात. त्यातून गृहकर्जाचा हप्ता ४१,०००, एसआयपी १२,००० आणि घरखर्च ३८,००० जातो. अडीअडचणीसाठी ठेवलेली एफडी ९०,००० ची आहे.

ताई, कॅमेरा घ्या. पण १२,००० चा घ्या, रोखीने घ्या आणि बाळंतपण पार पडल्यावर घ्या.

या छंदात कॅमेऱ्याची किंमत एकदाच मोजायची असते. फिल्मचे पैसे मात्र प्रत्येक वेळी बटण दाबलं की जातात. सुपर-८ च्या एका काडतुसात, म्हणजे फिल्मच्या एका बंद रिळात, ५० फूट फिल्म असते, म्हणजे ३,६०० चौकटी (एकेक स्थिर चित्र). सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंद चालते, २४ च्या वेगाने फक्त अडीच मिनिटं. तुम्हाला मिळालेल्या दरांनुसार फिल्म, ती धुणं आणि स्कॅन करणं, सगळं धरून एका रिळाला ८,००० रुपये पडतात. म्हणजे १८ च्या वेगाने सेकंदाला ४० रुपये आणि २४ च्या वेगाने ५३. घरगुती चित्रणाला १८ पुरतो. तुमचे सगळे बेत या ४० रुपयांवर मोजा.

तुमच्या महिन्याच्या हिशेबात १९,००० उरतात. त्यातले १५,००० निमूटपणे एफडीकडे वळवा. हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचा न टळणारा खर्च ७९,००० आहे, म्हणजे आजची एफडी महिन्याहून थोडीच जास्त पुरेल. बाळ येणाऱ्या घरात निदान चार महिन्यांची सोय हवी, असं मला मनापासून वाटतं. उरलेले ४,००० छंदाचे. ते वेगळ्या बचत खात्यात टाका. आरडी नको, कारण पैसे अधूनमधून लागणार आहेत. वर्षात ४८,००० होतील. ३२,००० चा कॅमेरा घेतलात तर दोन रिळं हाती लागतील. १२,००० चा घेतलात तर चार रिळं, आणि वर सेल, डबा, किरकोळ गोष्टींसाठी ४,०००.

हप्त्यांचं म्हणाल तर वर्षाला १६ टक्के दर धरला तरी ३२,००० वर व्याज, व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास जातात. जवळजवळ अर्धं रीळ गेलं. आणि बाळंतपणाच्या गडबडीत कार्डाचं एखादं बिल चुकलं, तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं.

आता कॅमेऱ्यांकडे वळू, कारण इथे स्वस्तातला कॅमेरा तुमच्या कामाला जास्त योग्य आहे. कॅननच्या या आकड्यांत अर्थ दडलेला असतो. ८१४ म्हणजे आठपट झूम आणि लेन्सची उघडझाप एफ १.४ पर्यंत. ३१० म्हणजे तीनपट झूम, पण लेन्स एफ १.० पर्यंत उघडते, म्हणजे १.४ च्या दुप्पट प्रकाश आत येतो. एक्सएल मालिका तर कमी उजेडासाठीच बनवलेली होती, त्यामुळे तिचं शटरही जास्त वेळ उघडं राहतं. आठपट झूम शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून खेळपट्टी टिपायला छान. मुलुंडच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळण्यापासून तुम्ही चार फुटांवर असाल. तिथे झूमपेक्षा उजेड महत्त्वाचा. म्हणून २०,००० जास्त देऊन तुम्ही बाळाच्या चित्रणासाठी कमी सोयीचा कॅमेरा घ्याल, असं माझं स्पष्ट मत आहे.

चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर असे कॅमेरे चार-पाच हजारांतही मिळतील असं तुम्ही ऐकलंय. मिळू शकतील, पण ८,००० चं रीळ न तपासलेल्या यंत्रात घालणं मला पटत नाही. विक्रेता कोणीही असो, स्वतः तपासा. सेलचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरा थर दिसला तर परत द्या. नवे सेल घालून बटण दाबा, मोटरचा आवाज एकसारखा यायला हवा. फिल्मचं दार उघडून बघा, फिल्म ओढणारा छोटा नखासारखा दात वरखाली हलला पाहिजे. लेन्समध्ये टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. मुंबईच्या दमट हवेत ही बुरशी वाढतच जाते. मग कॅमेरा खिडकीकडे आणि नंतर अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरा, प्रकाशमापकाची सुई हलायला हवी. काही जुन्या कॅमेऱ्यांत या मापकाला पीएक्स ६२५ नावाचे पाऱ्याचे बटण-सेल लागतात. ते १.३५ व्होल्टचे, आता बनत नाहीत. म्हणून तुमच्या कॅमेऱ्याचा मापक कोणत्या सेलवर चालतो ते आधी विचारा.

फिल्मचा एक बारकावा सांगतो. फिल्मलाही 'वेग' असतो, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. साध्या कॅमेऱ्यांपैकी बरेच काडतुसाच्या खाचेवरून ४० आणि १६० हे दोनच वेग ओळखतात. कोडॅकची २०० टी ही निगेटिव्ह फिल्म अशा कॅमेऱ्याने १६० समजून घेतली तरी चित्र बिघडत नाही. निगेटिव्ह थोडा जास्त प्रकाश सहज सोसते. परदेशातून कुणी फिल्म आणणार असेल तर ती हातातल्या सामानात ठेवायला आणि विमानतळावर हाताने तपासायची विनंती करायला सांगा. सीटी पद्धतीची नवी तपासणी यंत्रं फिल्म खराब करतात. कुरिअरने मागवलीत तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरून अंतिम किंमत आधी विचारा, आणि लॅब ८ मिलिमीटर फिल्म धुते की नाही हेही पैसे देण्यापूर्वी पक्कं करा.

वेळेचं गणित सांगतो, इथे तुम्हाला थोडं वाईट वाटेल. बारसं मोबाइलवरच काढा. संध्याकाळी हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली, माणसांच्या गर्दीत फिल्मवर टिपणं सगळ्यात अवघड. शिवाय तोवर खात्यात फक्त १६,००० जमलेले असतील. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये प्रसूतीच्या खर्चाला बहुधा वेगळी मर्यादा असते. ती आजच एचआरकडून लेखी घ्या. रुग्णालयाचं बिल त्या मर्यादेबाहेर गेलं तर हे १६,००० आधी तिकडे जातील. कायद्याने पहिल्या बाळंतपणाला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तुम्ही ती वाढवणार असाल तर बिनपगारी महिन्यांसाठीही एफडीच लागेल.

पाचव्या महिन्यात, सगळं नीट पार पडलं की, १२,००० चा कॅमेरा आणि ८,००० चं पहिलं रीळ. हे रीळ चाचणीचं समजा: सकाळचं गॅलरीतलं ऊन, आजीच्या मांडीवर बाळ, रस्त्यावरची वर्दळ. ते धुऊन परत येईपर्यंत दुसरं विकत घेऊ नका. दहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण येईल, तेव्हा आणखी २०,००० जमलेले असतील. ते सकाळी, खिडकीजवळ करा आणि त्यासाठी दोन रिळं राखून ठेवा. मामा पहिला घास भरवतो तो क्षण ४० रुपये सेकंदाने टिपण्याजोगा नक्कीच आहे.

जुन्या कॅमेऱ्यांचे भाव चढतात, म्हणून ही गुंतवणूकच, असं तुम्ही नवऱ्याला समजावताय. तो मुद्दा सोडा. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत, आणि भिजलेल्या एका पावसाळ्यात लेन्स निकामी होते. हा हौसेचा खर्च आहे, आणि तुम्हाला तो परवडतो, एवढं कारण घरात पुरेसं आहे. कॅमेरा सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात आजेसासऱ्यांनी साठच्या दशकात काढलेली पाच छोटी रिळं आणि एक प्रोजेक्टर आहे. ताई, याची मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त काळजी आहे. ती बहुधा रेग्युलर ८ ची, म्हणजे सुपर-८ च्या आधीच्या ८ मिलिमीटर फिल्मची असतील. सुपर-८ आली १९६५ मध्ये, आणि तिची भोकं लहान व वेगळ्या जागी असल्यामुळे रेग्युलर ८ च्या प्रोजेक्टरवर ती चालत नाही. पण माळ्यावरची ही जुनी रिळंही त्या प्रोजेक्टरवर लावून बघू नका. जुनी फिल्म आकसलेली असते, दाते तिला फाडतात. डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट (एक प्रकारचं प्लॅस्टिक) फिल्म विघटू लागली आहे, आणि उष्ण दमट हवेत ती प्रक्रिया वेगाने होते. तसं असेल तर चांगल्या रिळांपासून ती रिळं वेगळी करा, माळ्यावरून खाली आणा आणि छंदाच्या खात्यातले पहिले पैसे त्यांच्या स्कॅनिंगला द्या, मग कॅमेऱ्याला दोन-तीन महिने उशीर झाला तरी चालेल. नवं बाळ पुढच्या महिन्यातही टिपता येईल. आजेसासऱ्यांच्या रिळातली माणसं पुन्हा टिपता येणार नाहीत, आणि मला वाटतं नवरोबांनाही हा खर्च लगेच पटेल.