मेमध्ये सावली पायाशीच असते. डिसेंबरातली मोजून मग सोलर बसवा

ताई, तुमची माहिती आधी एकत्र मांडतो. साताऱ्यात दुमजली बंगला, महिन्याला सरासरी २७० युनिट, गच्चीच्या दक्षिण कडेला जिन्याची खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी, पुढे पोर्चवर पश्चिमेकडे उतरता पत्रा. कंत्राटदार म्हणतो, ५ किलोवॅटचं सोलर गच्चीवर बसवू, सावलीची काही अडचण नाही. तुम्हाला ते पटत नाहीये.

न पटणंच बरोबर आहे. तो पाहणीला आला मेमध्ये. साताऱ्यात १०-१२ मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीखालीच मावते. माझीही पाहणी अशीच भर उन्हाळ्यात झाली होती. सहा पॅनेल बसली, बिल उतरलं, सगळे खूश. डिसेंबरात मोबाइलवर आलेख बघतो तर रोज सकाळी दहापर्यंत उत्पादन रांगतंय. वर जाऊन पाहिलं, तर दोन पॅनेलवर टाकी आडवी पसरलेली. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात आणि एकेका पॅनेलचे आत साधारण तीन भाग असतात. नुसत्या पाइपची सावली पडली तरी त्यातला एक भाग बाद होऊ शकतो. शेवटी ती दोन पॅनेल हलवली, मजुरी पुन्हा खिशातून गेली.

तुम्हाला डिसेंबरपर्यंत थांबायला नको, हिशोब आत्ताच करता येतो. टाकीचा माथा पॅनेलच्या पातळीपेक्षा किती फूट वर येतो ते मोजा. समजा ८ फूट. तर २१-२२ डिसेंबरला दुपारी साडेबाराला सावली उत्तरेकडे सुमारे ७ फूट, सकाळी साडेनऊला वायव्येकडे १४ फूट, आणि दुपारी साडेतीनला तेवढीच ईशान्येकडे. गच्चीवर खडूने तिन्ही रेघा मारा, त्यांच्यामधला पंख्याच्या आकाराचा भाग रिकामा सोडा. शेजारचा नारळ दक्षिणेला किंवा पूर्व-पश्चिमेला असेल तर त्याचंही असंच करा. उत्तरेचं झाड फारसं नडत नाही.

आता ५ किलोवॅटबद्दल. आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. तुमच्या २७० ला ३ किलोवॅट पुरून उरेल. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं आहे, म्हणजे ७८,००० ला गाडी थांबते. पाच बसवले तरी तेवढेच. एप्रिल-मेत शिल्लक राहिलेली युनिटं नेट मीटरिंगमध्ये (जादा वीज लाइनला जाते आणि बिलातून वजा होते) पुढे ओढली जातात आणि पावसाळ्यात कामी येतात. पण मार्चअखेरीस उरलेल्याचे पैसे फुटकळच मिळतात. इलेक्ट्रिक स्कूटर किंवा एसी घ्यायचा विचार असेल तरच चारचा विचार करा.

तीन किलोवॅटला साडेपाचशे वॅटची सहा पॅनेल लागतील. एकेक साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद. फिरायला, धुवायला वाट धरून अडीचशे चौरस फूट जागा पकडा. तोंड दक्षिणेला, कल १५-१८ अंश. टाकीच्या पंख्याबाहेर एवढी जागा निघाली तर गच्चीच उत्तम. नाहीच निघाली तर दोन-तीन पॅनेल पोर्चवर न्या. पश्चिम उतारामुळे जो तोटा होईल तो सावलीपेक्षा पुष्कळ कमी. फक्त वेगळ्या दिशेची पॅनेल त्याच माळेत ओवू देऊ नका, इन्व्हर्टरला (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) दुसऱ्या माळेसाठी वेगळं इनपुट आहे का ते विचारा. आणि पत्र्याखालचे अँगल गंजलेत का ते आधी वेल्डरला दाखवा.

गच्चीवर स्ट्रक्चर उंच घ्यावं, पुढून ६ आणि मागून ८ फूट. आमच्या आईची अट एकच होती, कुरडया वाळवायची जागा जाता कामा नये. ती राहिली, शिवाय खालून हवा खेळते. पॅनेल तापलं की उत्पादन उतरतं, एप्रिलच्या दुपारी हे चांगलंच जाणवतं. मात्र उंच स्ट्रक्चर वळवाच्या वाऱ्यात खालून उचललं जातं, तेव्हा तिरके आधार आणि जड काँक्रीटचे ठोकळे हवेतच. ठोकळे बीमच्या रेषेवर घ्या. स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका, हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या. माझ्याकडे मी ऑफिसात असताना चार भोकं पडली. पहिल्याच जुलैत देवघराच्या छताला ओल आली आणि कोबा फोडून परत करावा लागला.

आणखी एक, कारण यावर नंतर भांडणं होतात: साधा ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीविना थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की बंद पडतो, बाहेर कितीही ऊन असो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. तुमच्याकडे लाइट वरचेवर जात असेल तर बॅटरीचा वेगळा हिशोब करावा लागेल.

टाकीच्या माथ्याची उंची आणि गच्चीची लांबी-रुंदी इथे लिहा, सहा पॅनेल कुठे बसतील ते कागदावर काढून टाकतो.