दोघीच जा

पोरी,

काल तू ओटल्यावर बसून मोबाईलवरचा नकाशा दाखवत होतीस, तेव्हा तुझी आई समोर होती म्हणून मी फार बोलले नाही. पण रात्री झोप लागेना. राग आला होता, तुझ्यावर नव्हे, गाडीत कोण कोण येणार त्या यादीवर. आधी तू आणि तुझी मैत्रीण. मग तिचा धाकटा भाऊ, कारण सोबत एखादा मुलगा असला की बरं. मग तुझी मामेबहीण, कारण पेट्रोलचा खर्च वाटला जाईल. आणि आता मागे एक जागा उरते म्हणून मैत्रिणीच्या क्लासमधली आणखी कुणी. जूनमध्ये तुझी मैत्रीण पुण्याला नोकरीवर रुजू होणार, त्याआधी दोघींनी गाडीने नर्मदेकाठचा निमाड फिरायचा, हा मूळ बेत. तो आता राहिलाय कुठे? "कुणालाच नाही म्हणवत नाही हो मावशी," म्हणालीस. म्हणून हे लिहायला बसले.

दोघीच जा.

मैत्री जपावी, फिरावं, जग बघावं, हे तुला सांगायची गरज नाही. ते सगळं तुला माझ्याइतकंच कळतं. तुला अवघड जातंय ते नकार देणं, आणि त्याच बाबतीत मी तुला मोकळीक देणार नाही.

तिसरं माणूस वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. तुझी मामेबहीण गुणी आहे, मला आवडते. पण तिसरं माणूस गाडीत बसलं की गप्प बसणं कुणाला तरी खुपायला लागतं. मग गाणी लागतात, थट्टामस्करी सुरू होते, चहाला कुठे थांबायचं यावर मतं मागवली जातात. दोघींत खटका उडाला तर तो दोघींनाच मिटवावा लागतो. तिसरी असली की दोघी तिच्या तोंडाकडे बघतात. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद आपल्या मंडलेश्वरला झाला असं तिथले लोक सांगतात, आणि त्या वादाला मंडनमिश्रांची पत्नी भारती पंच म्हणून बसली होती. वादाला तिसरं माणूस लागतं. तुम्ही वाद घालायला चाललेल्या नाहीत.

आता आईच्या काळजीचं बघू. ती काळजी खोटी नाही, तिला उडवून लावू नकोस. पण काळजीवर उपाय नीट आखणी हा आहे, तुझ्या मैत्रिणीचा एकोणीस वर्षांचा भाऊ नव्हे. त्याला गाडीही चालवता येत नाही. पहाटे पाचला निघा. अकराच्या आत गाडी सावलीत लागली पाहिजे. संध्याकाळी पाचनंतर थोडं पुढे जायचं आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. खोल्या आधी बुक करा आणि त्यांचे पत्ते आईच्या फोनमध्ये टाका. रोज दोनदा फोन. ११२ नंबर दोघींना पाठ हवा. एवढं केलंत की आईला सांगायला तुझ्याकडे काहीतरी ठोस असेल. "आम्ही मोठ्या आहोत" हे सांगून कुठल्याही आईचं समाधान होत नाही.

उन्हाला मात्र हलक्यात घेऊ नका. तुम्ही इंदूरच्या मुली, माळव्याच्या गार रात्रींना सरावलेल्या. घाट उतरलात की हवा बदलते. मे महिन्यात खरगोनचा पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो, आणि २५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात जा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचून टायर किती जुने आहेत ते बघ. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची. दुपारी तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून हवा काढायची नाही. इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, थांबायचं. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, सगळा भार ब्रेकवर टाकू नकोस. ए. बी. रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याने, धामनोदकडे उतरताना गणेश घाटात ट्रकचे ब्रेक फेल होऊन पुष्कळ अपघात झालेत. म्हणून तुम्ही त्या बाजूने जाऊच नका. महूवरून जाम गेटचा रस्ता धरा. तो दरवाजा अहिल्याबाईंनी बांधवलेला. सकाळी सहाला तिथे उभं राहिलं की खाली निमाडचा सगळा मुलूख दिसतो. तिथे फोटो काढायला गर्दी असते. तुम्ही काढा एखादा आणि उतरा मंडलेश्वरला, तिथून महेश्वर जवळच.

दोन दिवसांत मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, बुऱ्हाणपूर, अशी जी यादी केलीस ना, ती फाडून टाक. मांडू पावसाळ्याचं, तेव्हा जा. महेश्वरला दोन रात्री राहा. सकाळी सहस्रधारेला जाऊन ये. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं, काळे खडक उघडे पडतात आणि नर्मदा त्यांच्यामधून असंख्य धारांनी धावते. पाण्यात उतरू नका, ओढ फसवी असते. मग विणकरांकडे जा. साडी घ्यायलाच हवी असं नाही, पण किल्ल्याच्या भिंतीवरची नक्षी काठात कशी उतरते ते माग चालू असताना बघ. आणि दुपार रिकामी ठेव. पूर्ण रिकामी. दोघीच, सावलीत, काही न करता.

हे मी एवढं ठासून सांगते त्याला कारण आहे.

माझी मैत्रीण आणि मी तुमच्याच वयाच्या असताना तिच्या वडिलांची फियाट घेऊन निघालो होतो. गिअर स्टिअरिंगपाशी, खिडक्या उघड्या, आणि पुढच्या बंपरला कॅनव्हासची छागल बांधलेली. कापडातून पाणी झिरपायचं, वाऱ्याने आतलं गार राहायचं, आणि त्या पाण्याला ओल्या गोणपाटाचा वास यायचा. माझ्या वडिलांनी हुकूम सोडला होता, धाकट्या भावाला बरोबर ने. मी नाही म्हटलं. घरात दोन दिवस अबोला होता. भाऊ आज साठीला आला, तरी लग्नकार्यात चार माणसांत विषय काढतो की हिने मला नेलं नाही. काढू दे. आज पुन्हा विचारलं तरी मी नाहीच म्हणेन.

कारण महेश्वरला, अहिल्येश्वराच्या ओवरीत, दुपारी ती बोलली. मांडूला घेतलेली खुरासानी चिंच, म्हणजे गोरखचिंचेचं फळ, तिच्या हातात होती. ती फोडून आतला पांढरा गर रेषांमधून सोडवायची आणि एकेक तुकडा दगडावर ओळीने मांडायची, खात नव्हती. पुष्कळ वेळ आम्ही गप्प होतो. मग तिने सांगितलं की ठरलेलं लग्न तिला करायचं नाही. इंदूरला रोज भेटायचो आम्ही, सराफ्यात, लायब्ररीत, एकमेकींच्या स्वयंपाकघरात. तिथे हे तिच्या तोंडून निघालं नव्हतं. माझा भाऊ तिथे पाय पसरून बसला असता तर ओवरीतही निघालं नसतं.

घरी परतल्यावर तिने ते लग्न मोडलं. सगळ्यांनी मला धरलं. हिनेच तिच्या डोक्यात भरवलं, दोघीच गेल्या म्हणून हे झालं, तिसरं कुणी असतं तर झालं नसतं. तिच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. पोरी, मी तिच्या डोक्यात काहीही भरवलं नाही. मी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. ती बोलत होती आणि मी ऐकत होते, एवढंच. तिसरं कुणी असतं तर हे झालं नसतं, हे मात्र त्यांचं अगदी खरं. ती त्या घरात गेली असती आणि आयुष्यभर दगडावर तुकडे मांडत बसली असती. त्याऐवजी ती ग्वाल्हेरला गेली, शिकवायला लागली, पुढे स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, आनंदात राहिली. मला कुणाला पटवून द्यायचं नाही. पण तू आज विचारतेस म्हणून सांगते, त्या दुपारबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. असीरगड बघायचा राहिला. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ म्हणालो. मग माझ्या बँकेतल्या बदल्या, तिची शाळा, मुलांच्या परीक्षा. आम्ही भेटलो नाही असं नाही, पुष्कळदा भेटलो. पण प्रत्येक वेळी सहा-सात माणसं, डबे, मुलांची भांडणं, नवऱ्यांच्या गप्पा. दोघीच कधी भेटलो नाही. ती जग सोडून गेली त्याच्या आदल्या दिवाळीतही आम्ही एकाच खोलीत होतो, आणि मधे बारा माणसं बसली होती. तुझी मैत्रीण पुण्याला गेली की तुमचंही असंच होईल. ती येईल, पण कुणाबरोबर तरी येईल. म्हणून आत्ता, दोघीच.

तेव्हा महेश्वर झालं की कसरावदवरून रावेरखेडीला जा. बाजीराव पेशवे तिथे नर्मदेकाठी २८ एप्रिल १७४० ला वारले, वैशाख शुद्ध त्रयोदशीला, याच उन्हात, वयाच्या ३९ व्या वर्षी. समाधीपाशी बहुतेक वेळा कुणी नसतं. तिथून बेडियाची मिरची मंडी लागते, पुढे सनावद, तिथे मुक्काम न करता ओंकारेश्वर गाठा. आणि मग परत फिरायच्या ऐवजी खंडव्यावरून असीरगड. नर्मदेचं खोरं आणि तापीचं खोरं यांच्या मधली सातपुड्याची वाट राखणारा किल्ला, अकबराला तो १६०१ मध्ये मिळाला तोही मोठ्या वेढ्यानंतर. वर महादेवाचं देऊळ आहे. अश्वत्थामा रोज पहाटे तिथे फूल वाहून जातो अशी समजूत आहे. पहाटेच चढा, आठच्या आत खाली या. वाटेत कुठे अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मिळाली तर ती सोडू नका.

तुझ्या मैत्रिणीच्या भावाला तू नाही म्हणू नकोस, तिला म्हणू दे, तो तिचा भाऊ आहे. मामेबहिणीला तू स्वतः सांग, फोनवर नको, घरी जाऊन सांग, आणि कारणं देत बसू नकोस. "या वेळी आम्ही दोघीच जातोय" एवढं पुरे. रुसेल ती. रुसू दे. पेट्रोलचा प्रश्न असेल तर मला सांग, पण पेट्रोलसाठी माणसं गोळा करू नकोस.

तुझ्या आईशी उद्या संध्याकाळी मी बोलते. तू तिथे थांब, पण मधे बोलू नकोस. आणि रविवारी सकाळी सातच्या आत गाडी घेऊन ये, मैत्रिणीलाही आण. दोघींना चाक बदलता आल्याशिवाय मी सोडणार नाही.

तुझी,
मावशी